पिवळा सदरा, सात नंबर

रेसच्या नादाबद्दल मी आजवर पुष्कळांना गमतीजमती सांगत आलो. कुठला घोडा गेटमध्येच कसा अडून बसला, कुठल्या जॉकीने जिंकत आलेली रेस कशी घालवली, हे किस्से मी लग्नाकार्यांत रंगवून सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. एक शनिवार-रविवार मात्र मी कुणाला सांगितलेला नाही. माझ्या बायकोला तो ठाऊक आहे. दुसरे ज्यांना ठाऊक होता ते माझे सासरे, आणि ते आता नाहीत.

घरोघरी टीव्ही यायच्या आधीची गोष्ट. मी म्हैसूरला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. आमच्या कित्येक पिढ्या इथेच गेल्या. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दोन्हींची खिचडी झाली तरी कुणाला वावगं वाटत नसे. आम्ही जातीने शिंपी. माझे वडील मशीनवर बसले, आजोबा बसले. मी शिकलो आणि खुर्चीवर बसलो. याचा मला फार तोरा होता, तोंडाने बोललो नाही तरी.

सासरेही शिंपीच. त्यांना मी कन्नड रीतीने 'मावा' म्हणायचो. देवराज मार्केटच्या मागच्या गल्लीत त्यांचं एका मशीनचं दुकान होतं. पुढे काचबिंदूने त्यांचे डोळे अधू झाले, सुईत दोरा जाईना, तेव्हा दुकान बंद करून ते हुणसूरला मुलाकडे राहायला गेले. मला ते नेहमी 'अहो-जाहो' करत. जावई म्हणून तर होतंच, पण त्याहून जास्त मी शिकलेला म्हणून.

माझा रेसचा आठवडा शुक्रवारी संध्याकाळी सुरू व्हायचा. कचेरीतून सुटलो की रेसबुक विकत घ्यायचं, घरी येऊन चहा प्यायचा आणि लाल-निळी पेन्सिल घेऊन बसायचं. कुठला घोडा मागच्या चार रेसमध्ये कितवा आला, त्याच्यावर वजन किती, अंतर किती, पावसाने माती ओली असली तर त्याला जमतं का, याची मी कोष्टकं मांडायचो. कचेरीचं काम इतक्या मन लावून मी कधी केलं नाही. बायको याला 'ह्यांची परीक्षा' म्हणायची. सीझनमध्ये दर आठवड्याला परीक्षा, आणि बहुतेक वेळा नापास.

त्या शुक्रवारी मावा हुणसूरच्या बसने आमच्याकडे आले. शनिवारी सकाळी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. दुसरा शनिवार, मला सुट्टी. बायकोने आठ दिवस आधी सांगून ठेवलं होतं, मी 'हो हो' म्हणालो होतो. पण शनिवारी पहाटे चामुंडी डोंगराच्या पायथ्याशी रेसकोर्सवर घोड्यांचा सराव असायचा. रविवारच्या पाचव्या रेसमध्ये दोन नंबरचा घोडा येणार असा माझा हिशेब पक्का झाला होता. एकदा डोळ्यांनी त्याला पळताना बघून येऊ, आठपर्यंत परत येऊ, म्हणून मी सायकल काढली. परत आलो तेव्हा साडेदहा वाजले होते. दाराला कुलूप होतं. बायको त्यांना हाताला धरून सिटी बसने घेऊन गेली होती.

दुपारी ती आली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. मावा खुर्चीत बसले, चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसू लागले.

"डॉक्टर काय म्हणाले, मावा?" मी विचारलं.

"काय म्हणायचंय? थेंब दिलेत. म्हणाले, आहे तेवढं सांभाळा. वर्षभर पुरलं तर पुरलं." पुसलेला चष्मा त्यांनी पुन्हा घातला. "तुमचं काम झालं ना सकाळचं?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की मी कचेरीच्या कामाला गेलो होतो. बायकोने वडिलांना तसंच सांगितलं होतं, नवऱ्याची लाज राखायला.

संध्याकाळी मी रेसबुक घेऊन बसलो तेव्हा ते खुर्ची सरकवून जवळ आले.

"त्यात रंग लिहिलेले असतात का हो?"

"कसले रंग?"

"जॉकींच्या सदऱ्यांचे."

मला आधी समजेना. मग त्यांनी सांगितलं. घोड्याच्या प्रत्येक मालकाचे आपले रंग ठरलेले असतात, आणि त्याचा घोडा पळतो तेव्हा जॉकी त्याच रंगांचा सदरा घालतो. मला ते ठाऊक होतंच. ठाऊक नव्हतं ते हे की त्यांतले बरेच सदरे वर्षानुवर्षं माझ्या सासऱ्यांनी शिवले होते. सॅटिनचं कापड मशीनखाली कसं सटकतं, तुकडे जोडताना चुणी पडू नये म्हणून मध्ये कागद कसा घालायचा, हे ते मला समजावून सांगू लागले.

"तुम्ही कधी बोलला नाहीत," मी म्हणालो.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. आणि रेस म्हणजे जुगार, आमच्या देवळातली माणसं काय म्हणतील, असं होतं तेव्हा. मी एकदाही गेलो नाही. शिवले सगळे, पळताना एकही बघितला नाही." त्यांनी रेसबुकाकडे बोट केलं. "वाचा ना, उद्याचे."

प्रत्येक घोड्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत रंगांची ओळ असते. इतक्या वर्षांत मी ती एकदाही वाचली नव्हती. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाचली, रेसमागून रेस, इंग्रजीतून मराठी करत. ते डोळे मिटून ऐकत होते. पाचव्या रेसला, सात नंबरपाशी मी वाचलं, "पिवळा, बाह्या जांभळ्या, जांभळी टोपी."

"थांबा," ते म्हणाले. "हा माझा. कोडगूच्या कॉफीमळेवाल्याचा. दुकान बंद केलं त्याच्या आधीचं शेवटचं काम." त्यांनी डोळे उघडले. "उद्या मला न्याल का?"

बायको दारात उभी होती. "बाबा, तुम्ही पण? एक आहे तो पुरे नाही का घरात?"

"एकदाच गं. दिसतंय तोवर."

 मावांनी आतल्या खिशातून घडी घातलेली वीसची नोट काढली आणि माझ्या हातात दिली. "सातवर लावा."

मी त्यांना माझं कोष्टक समजावलं. सात नंबर मागच्या चार रेसमध्ये कधी सातवा, कधी नववा. त्याचा भाव वीसचा, म्हणजे कुणी त्याला विचारत नाही. येणार तर दोन नंबर.

"असू दे हो," ते हसून म्हणाले. "तुमचं गणित तुमच्यापाशी. मला माझ्या सदऱ्यावर लावायचेत."

रविवारी आम्ही रिक्षाने गेलो. त्यांनी इस्त्रीचं धोतर नेसलं होतं, वर काळा कोट. त्यांना ऊन लागू नये म्हणून मी कठड्याजवळ एका झाडाच्या सावलीत जागा धरली. जवळून घोडा गेला तर त्यांना त्याचा आकार आणि रंग समजायचा. चेहरे, आकडे, पाट्या काही नाही. तरी ते लहान पोरासारखे खूश होते. पहिली रेस समोरून गेली तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "जमीन हलते की हो!" म्हणाले.

पहिल्या चारही रेस मी हरलो. चौथ्या रेसनंतर माझ्या खिशात दहाची एक नोट आणि परतीचं रिक्षाभाडं उरलं. आणि मावांचे वीस.

तिकिटाच्या खिडकीपाशी रांगेत मी उभा होतो तेव्हा मनात काय चाललं होतं ते मला आजही तसंच्या तसं आठवतं. सातवर वीस लावणं म्हणजे नोट फाडून टाकणं. त्यापेक्षा आपल्या दहात घालून दोन नंबरवर तीस लावले तर म्हाताऱ्याचे पैसे परत देता येतील, वर थोडे जास्त देता येतील. त्याचंच भलं आहे. हे मी स्वतःला इतकं छान पटवलं की खिडकीशी पोचलो तेव्हा हात जरासुद्धा अडला नाही. "नंबर दोन, तीस," मी म्हणालो.

परत आलो तर मावांनी विचारलं, "काढलंत?"

"काढलं," मी म्हणालो. तिकीट काढलंच होतं.

रेस सुटली. लांबच्या बाजूने घोडे पळू लागले तेव्हा मी फक्त माझा दोन नंबर बघत होतो. तो तिसरा होता, मग दुसरा. शेवटच्या वळणाला तो पुढे आला आणि मी कठड्यावर चढून ओरडू लागलो. मावा कठडा धरून उभे होते, कोण कुठे आहे ते त्यांना दिसत नव्हतं. मग बाहेरच्या बाजूने पिवळं काहीतरी आलं. इतक्या वेगाने आलं की माझा घोडा उभा राहिल्यासारखा वाटला. आमच्या समोरून ते पिवळं घोड्याच्या अर्ध्या लांबीने पुढे गेलं.

सात नंबर.

मी कठड्यावरून खाली उतरलो. मावांनी माझा दंड पकडला होता. "पिवळं गेलं का हो पुढून? आपला होता का?"

वीस रुपयांचे चारशे झाले असते. माझा अर्ध्याहून जास्त पगार. ते मी कुठून आणणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. निदान त्या वेळी मला तसं वाटलं.

"नाही मावा," मी म्हणालो. "पिवळे दोन होते. पुढून गेला तो दुसरा."

लाउडस्पीकरवर निकाल सुरू झाला. तो त्यांच्या कानावर पडू नये म्हणून मी मोठमोठ्याने बोलू लागलो. गर्दी किती आहे, ऊन किती आहे, कॉफी घेऊया का. एवढ्यात आमच्या मागच्या पायरीवरचा एक माणूस कपाळावर हात मारून ओरडला, "येळु! येळु!"

मावा वळले. "येळु म्हणाला ना तो? सात?"

कन्नडमध्ये येळु म्हणजे सात. आणि येळु म्हणजे 'ऊठ' सुद्धा. ते माझ्या तोंडात कुठून आलं कोण जाणे. मी म्हणालो, "तो शेजारच्याला ऊठ म्हणतोय, मावा. घरी जायला."

ते थोडा वेळ त्या आवाजाच्या दिशेने बघत राहिले. मग म्हणाले, "बरा पळाला ना पण? आपला?"

"चौथा आला," मी म्हणालो.

खोट्याला मी चौथा नंबरही देऊन टाकला. चौथा ऐकून त्यांचं समाधान झालं असं मला वाटलं. "नऊ-दहा घोड्यांत चौथा म्हणजे वाईट नाही," असं रिक्षात ते दोनदा म्हणाले. घरी आल्यावर मुलीलाही सांगितलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि ह्यांचा?" मी म्हणालो, "माझं नेहमीचंच."

सोमवारी सकाळी नऊच्या बसने त्यांना हुणसूरला परत जायचं होतं. मी व्हरांड्यात आरसा लावून दाढी करत होतो. आत बायको वडिलांना पेपर वाचून दाखवत होती, ते आले की रोज दाखवायची. कन्नड पेपर. रेसचे निकालही त्यात असतात हे मी विसरलो नव्हतो, पण ती कधी ते पान उघडत नसे.

"रेसचं वाच गं," मावांचा आवाज आला. "पाचवी."

तिने वाचलं. पहिला, नंबर येळु.

"परत वाच."

तिने परत वाचलं.  साबण माझ्या गालावर वाळत होता. मी आत गेलो. पळून जाण्यासारखी जागा असती तर गेलो असतो, इतकंच खरं.

"मावा, मी तिकीट काढलं नव्हतं," मी म्हणालो. "तुमचे पैसे मी माझ्या घोड्यावर लावले."

"ते मला कालच समजलं होतं," ते म्हणाले. "डोळे गेलेत माझे, कान नाही. त्या माणसाचा आवाज मी ऐकला. कुणी कुणाला असं ऊठ म्हणतं का?"

"मी पैसे देईन. सगळे. जिंकलेले."

"द्या," ते म्हणाले.  त्यांची हनुवटी थरथरत होती. मी त्यांना रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे तो राग आहे हे समजायला मला वेळ लागला.

"तिकीट नाही काढलं, ठीक. माणूस आहे, मोह झाला. पण माझा सदरा पहिला आला हो! तेवढं सांगायला काय झालं होतं? मी ओरडलो असतो. तिथे उभा राहून मी एकदा ओरडलो असतो. आता मी कुठे जाऊन ओरडू?"

बायको पेपर तसाच धरून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ती वडिलांची पिशवी भरू लागली.

स्टँडपर्यंत त्यांची पिशवी मी घेतली. त्यांनी घेऊ दिली, पण माझा हात धरला नाही. छत्रीने पुढची जमीन चाचपत चालले. बस सुटेपर्यंत मी खिडकीखाली उभा होतो. "बरं, येतो," एवढंच ते म्हणाले.

त्यांचे पैसे मी पुढच्या दोन महिन्यांत पोचते केले. त्यांनी ते घेतले, नको वगैरे म्हणाले नाहीत. आणि पुढच्या रविवारी मी पुन्हा रेसला गेलो. हे लिहायला नको वाटतं, पण गेलो. लाज वाटली की माणूस सुधारतो अशी माझी समजूत होती. मला पुष्कळ लाज वाटली आणि मी पुष्कळ वर्षं रेसला गेलो.

त्या वर्षी दसऱ्याला मावा आले. दोन महिन्यांत त्यांची नजर बरीच उतरली होती. भिंतीला हात लावून चालत होते. विजयादशमीला संध्याकाळी बायको आमच्या मुलांना घेऊन बन्नीमंटपाच्या मैदानावर मशालींची परेड बघायला गेली. दिसत नसताना तिथल्या रेटारेटीत कशाला, म्हणून मावा घरी राहिले आणि त्यांच्या सोबतीला मी.  मी कॉफी करून आणली. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "आता सांगा."

"काय, मावा?"

"ती रेस. पाचवी. सुरुवातीपासून सांगा. माझा कुठून निघाला, कितवा होता, कसा पुढे आला. नीट सांगा."

 माझ्यापाशी सांगण्यासारखं काही नव्हतं. मी सात नंबर बघितलाच नव्हता. गेट उघडल्यापासून शेवटच्या वळणापर्यंत माझे डोळे माझ्या तीस रुपयांवर होते. इतकी वर्षं रेस बघणाऱ्या मला एखादी रेस मनाने रचून सांगणं काही अवघड नव्हतं. पहिल्या फर्लांगाला मागे होता, मग हळूहळू आत शिरला, असं मी सहज सांगू शकलो असतो, आणि त्यांना ते आवडलं असतं. वाक्य जिभेवर आलंही होतं.

"मावा," मी म्हणालो, "मी तुमचा घोडा बघत नव्हतो. शेवटी आपल्या समोरून गेला तेवढाच बघितला."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "सरी, बरं. तेवढाच सांगा."

मी सांगितलं. बाहेरच्या बाजूने आला. जॉकी घोड्याच्या मानेवर पार वाकला होता. पिवळा इतका लख्ख होता की बाकीचे सदरे धुरकट दिसत होते. अर्ध्या लांबीने पुढे गेला. सांगून संपायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

"परत सांगा," ते म्हणाले, आणि मी परत सांगितलं. ते ओरडले नाहीत. घरात बसून कोण ओरडतं?

मावा जाऊन आता खूप वर्षं झाली. रेस मी सोडली ती गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून, दुसरं काही श्रेय त्यात घेता येत नाही. हल्लीच एकदा बायको आणि मी भाजी निवडत बसलो होतो आणि विषय निघाला. मी म्हणालो, "तेव्हा चारशे रुपये कुठून आणायचे या भीतीने मी खोटं बोललो."

तिने शेंगा मोडायच्या थांबवल्या नाहीत. "पैशाची भीती होती तर सात आला पण तिकीट हरवलं, असं म्हणाला असतात," ती म्हणाली. "बाबांनी सोडून दिलं असतं. तुम्हाला सात आलेलाच सोसला नाही. तुम्ही दोन दिवस पेन्सिल घेऊन बसलात आणि चुकलात, आणि एका शिंप्याने आपला सदरा ओळखून बरोबर सांगितलं."

 इतकी वर्षं मी त्या खिडकीपाशी पैसे वळवणाऱ्या माणसाचा हिशेब मांडत होतो, आणि तिने कठड्यापाशी खोटं बोलणाऱ्याला गाठलं होतं. तिने निवडलेल्या शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवलं, आणि मी ते उचलून आत नेऊन ठेवलं.